मदत हवी आहे: १४४ हर्ट्झच्या मॉनिटरनं खेळ सुधारतो का?

मंडळी, आम्ही खानापूरचे. धाकटा भाऊ व्हॅलोरंट (ऑनलाइन गोळीबाराचा खेळ) मनापासून खेळतो, त्याला १४४ हर्ट्झचा मॉनिटर हवाय. हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते. हिशेब पटतो: ६० हर्ट्झवर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर साधारण ६.९. कोपऱ्यातून डोकावणारा गडी तेवढा आधी दिसणार. पण आमचा पीसी सेकंदाला जेमतेम ७० फ्रेम (चित्रं) देतो, मग मॉनिटर एकटा काय करणार? शिवाय पावसात इंटरनेटची लाइन हलली की खेळाच्या मुंबई सर्व्हरचा पिंग (संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) उसळतो, नेमका गोळी झाडताना. मला वाटतं आधी ग्राफिक्स कार्ड (फ्रेम तेच बनवतं), मग मॉनिटर. माउस मात्र बदलायलाच हवा, एका क्लिकचे दोन होतात. बेळगाव-निपाणीकडं कुणी असा बदल केलाय का? रँक खरंच वाढली? आणि जुनं कार्ड तपासून देणारं भरवशाचं दुकान कुठलं? पैसे वाया जायला नकोत, आणि भावाचं मनही मोडायचं नाहीये.