मदत हवी आहे: कोकणातल्या घरावर पत्रे बसवताना जे हुक घ्यावेत की सेल्फ ड्रिलिंग स्क्रू?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर आमचं चिरेबंदी घर आहे. आई तिथे एकटी राहते. माकडांनी इतकी कौलं फोडली आहेत की पावसाळाभर घरात पातेली मांडून ठेवावी लागतात, आणि घर शाकारायला आता माणूस मिळत नाही. म्हणून यंदा कौलं उतरवून चौकोनी लोखंडी पाइपांवर कलर कोटेड पत्रे घालायचं ठरवलंय. पत्रा ०.५० मिलिमीटरचा, एकेक पाखं १८ फुटांचं. मिरगाच्या आधी काम व्हायला हवं.

पत्रे कसे बांधायचे यावर मात्र गाडं अडलंय: जे हुकांनी (इंग्रजी J सारखे वाकवलेले, वरून नट आवळायचे गज) की सेल्फ ड्रिलिंग स्क्रूंनी (स्वतःच भोक पाडत आत जाणारे). पहिला फॅब्रिकेटर म्हणतो, "जे हुकच घाला. हुक पाइपाला मिठी मारतो. स्क्रू काय, दोन आट्यांवर लटकलेला." दुसरा म्हणतो, हुक आता कोणी वापरत नाही, सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारू, तेही पन्हळीत, म्हणजे पत्रा पाइपाला घट्ट बसेल. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, भोकंच नकोत, क्लिपवर अडकवायचे पत्रे घे.

मला भीती वाऱ्याची आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी घरीच होतो. गोठ्यावर जुने पत्रे होते, जे हुकांनी बांधलेले. दुपारी ते एकामागून एक सुटत गेले, कडेचे आधी. दुसऱ्या दिवशी त्यातला एक वाडीत आडव्या झालेल्या पोफळींखाली सापडला. त्याची भोकं गोल राहिली नव्हती, बोटभर लांब चिरा झाल्या होत्या. गोठ्यावर चढून पाहिलं तर कोपऱ्यातले दोन-तीन हुक ओढून सरळ झालेले, पण बाकीचे बहुतेक जागेवर होते, नट आणि वायसरसकट. फक्त पत्रा गेलेला. मग दोष हुकाचा की पत्र्याचा?

वादळातून टिकलेलं छप्पर ज्यांच्याकडे आहे त्यांनी कृपया सांगावं, कशाने बांधलंय आणि गळतं का.

प्रतिसाद (चिपळूण, वीस वर्षं हेच काम):

चौकोनी पाइपाला गोल वाकाचा जे हुक नीट बसतच नाही. मधे पोकळी राहते, वाऱ्याने पत्रा उचलला की हुक फिरतो आणि उघडत जातो. शिवाय हुकासाठी भोक मोठं पाडावं लागतं, आणि त्यावरचा डांबरी वायसर उन्हाने तडकला की तिथून गळती सुरू. मी स्क्रूच मारीन, पण पाइपाची जाडी किमान २ मिलिमीटर घ्या. पातळ पाइपात आटे धरत नाहीत, मशीन जरा जास्त फिरलं की स्क्रू नुसता गरगरतो.

जागेबद्दल मात्र दुसऱ्या गड्याचं ऐकू नका. पन्हळीत मारलेला स्क्रू पकड छान देतो, पण तिथूनच पाणी वाहतं. आपल्याकडे चार महिने त्या वायसरवरून ओढा जाणार. उंचवट्यावर मारा, साधारण ५५ मिलिमीटरचा लांब स्क्रू लागेल. तो काटकोनात जायला हवा, आणि किती आवळायचा ते डोळ्यांनी बघायचं: वरच्या धातूच्या टोपीखालून काळं रबर किंचित डोकावलं की थांबा. रबर फुगून बाहेर आलं किंवा उंचवटा दबून खळगा झाला तर त्यात पाणी साचणार. वायसर ईपीडीएमचा (ऊन-पाऊस सोसणाऱ्या कृत्रिम रबराचा) मागून घ्या, साधं रबर दोन उन्हाळ्यांत कडक होतं.

आणि एक, हे बहुतेकजण विसरतात. ड्रिलचा कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने काढा. राहिला तर पहिल्या सरीनंतर नव्या पत्र्यावर गंजाचे ठिपके उठतात. ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नका, ठिणग्यांनी रंगाचा थर जळतो.

प्रतिसाद (डार्विन, ऑस्ट्रेलिया, मूळ गाव गुहागर):

तुमच्या गोठ्याच्या पत्र्यावरच्या चिरा वाचल्या आणि लिहायला बसलो. २५ डिसेंबर १९७४ ला ट्रेसी चक्रीवादळाने हे शहर जवळजवळ सपाट केलं. नंतरच्या तपासात दिसलं की कित्येक छपरांचे स्क्रू जागेवर होते, पत्रा त्यांच्या डोक्याभोवती फाटून निघून गेला होता. वारा एकदाच ओढत नाही, उचलतो, सोडतो, पुन्हा उचलतो. तार वाकवून वाकवून तुटते तसा पातळ पत्रा भोकाभोवती चिरत जातो. तेव्हापासून इथे छपरांची चाचणीच उलटसुलट ताण देऊन करतात, आणि स्क्रूखाली उंचवट्याच्या आकाराचा मोठा धातूचा वायसर घालतात, म्हणजे ओढ बोटभर जागेत न राहता पसरते. तसा वायसर तिकडे मिळाला तर उत्तम, नाहीतर स्क्रूंची संख्या वाढवा. वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त पावळीला, आढ्याला आणि कोपऱ्यांत असते. तिथे प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू आणि पाइपांतलं अंतर कमी. मधल्या भागात एकाआड एक चालेल.

क्लिपची पद्धत चांगली आहे. भोक नाही, आणि पत्रा उन्हात मोकळा सरकतो. पण १८ फुटी लोखंडी पत्रा ४० अंशांच्या फरकाने जेमतेम अडीच मिलिमीटर वाढतो. तेवढ्यासाठी तुमच्या घराला तो खर्च नको, आणि ते काम येणारी टोळीही गावात मिळायला हवी.

मला जास्त काळजी खालची आहे. पत्रा पाइपाला बांधलात, पाइप कशाला बांधलाय? चिऱ्याच्या भिंतीवर नुसता टेकवला असेल तर पत्रे सुटणार नाहीत, अख्खं छप्परच उचललं जाईल.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. शेवटचा प्रश्न वाचून लगेच आईला फोन केला. भिंतींच्या डोक्यावर आरसीसी बीम नाही, वासे थेट चिऱ्यांवर बसलेत. म्हणजे आधी बीमचा पट्टा ओतायचा, त्यात लोखंडी प्लेटा सोडायच्या आणि खांब त्यांना वेल्ड करायचे, बरोबर ना? तो सुकायला किती दिवस देऊ? मिरगाला आठ आठवडे उरलेत, आणि तोवर आईला शेजारी राहायला सांगावं का, तेही ठरवायचंय.