मदत हवी आहे : सजगतेच्या सत्रात स्वतःबद्दलची करुणा कुठे आणावी?

नमस्कार. नवशिक्यांसाठी 20 मिनिटांचं सत्र आखते आहे. 10 मिनिटं श्वास, 3 मिनिटं शरीरातल्या संवेदना, उरलेली 7 मैत्रीभावना (स्वतःला आणि इतरांना मनात शुभेच्छांची वाक्यं म्हणण्याचं ध्यान). अडचण शेवटच्या भागाची आहे.

पारंपरिक क्रम स्वतःपासून सुरू होतो. मग प्रिय व्यक्ती, तटस्थ व्यक्ती आणि शेवटी जिच्याशी पटत नाही ती. पण स्वतःला सतत बोल लावणाऱ्यांना 'मी सुखी असो' म्हणताच छाती आवळल्यासारखी होते, जुनं दुःख उफाळून येतं किंवा अगदी बधिर वाटतं. तेव्हा वाक्यं रेटली की 'मला हेही जमत नाही' अशी नवी टीका सुरू होते. अशांनी जिच्याबद्दल सहज माया वाटते तिच्यापासून सुरुवात करावी आणि मग त्या मायेत स्वतःला सामील करावं, असं माझं मत आहे. फारच भरून आलं तर वाक्यं सोडून तळपायांच्या स्पर्शावर यायचं, डोळे उघडायचे.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये मांडलेल्या स्वतःबद्दलच्या करुणेच्या रचनेत स्वतःशी माया, दुःख सगळ्यांच्याच वाट्याला येतं ही जाण आणि सजगता (आत्ता मनात-शरीरात काय होतंय ते ध्यानात घेणं) असे तीन घटक आहेत. त्रास होतोय हे ध्यानातच आलं नाही तर माया करणार कशावर? म्हणून ही सजगता रुजवणारा श्वासाचा भाग गाळणं मला धोक्याचं वाटतं.

पण तो 5 मिनिटांवर आणला तर चालेल का? आणि दिवसभर इतरांची दुःखं ऐकणाऱ्यांना 'श्वास घेताना माझ्यासाठी, सोडताना तुमच्यासाठी' हा सराव पहिल्याच सत्रात द्यावा का? शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.