शनिवारचा ‘लोरॅक्स’: खलनायक नक्की कोण?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

वसुंधरा दिनाच्या निमित्ताने शनिवारी आपण मुलांसाठी ‘द लोरॅक्स’ (२०१२) दाखवला. डॉ. स्यूस यांच्या मुलांच्या पुस्तकावरचा सिनेमा: वन्सलर नावाचा माणूस धंद्यासाठी झाडं तोडत जातो, आणि झाडांच्या वतीने बोलणारा लोरॅक्स त्याला अडवायला बघतो. गर्दी उत्तम होती. सिनेमाला मध्यंतर नाही, ते आपणच पाडलं. वडे गार होत होते. काही जणांना ते आवडलं नाही, बाकीच्यांनी वडे खाल्ले. हॉलमधून बाहेर पडताना बऱ्याच आईबाबांमध्ये वाद रंगलेला ऐकू आला, तो पार्किंगमध्ये न संपवता इथे लिहावा ही विनंती. पुढचा सिनेमा ठरवायला उपयोग होईल.

समिती

---

प्रेषक: फ्रीमाँट

समितीचे आभार, वडे छान होते. सिनेमाबद्दल मात्र स्पष्ट लिहितो.

मुलगा घरी आल्यावर मला म्हणाला, “बाबा, आजोबा वाईट होते का?” माझ्या वडिलांची नागपूरला लाकडाची वखार होती. चंद्रपूर-बल्लारशाहकडचा साग लिलावात घ्यायचा, ओंडक्यावर वनखात्याचा हातोड्याचा शिक्का, सोबत वाहतुकीचा परवाना, आणि नाक्यानाक्यावर तो दाखवत आणायचा. तोडलेल्या कूपात (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात) पुन्हा लागवड होते, हेही आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सिनेमात यातलं काहीच नाही. एक जण कुऱ्हाड घेऊन येतो, शेवटचं झाड पडेपर्यंत थांबत नाही, आणि मग सगळे रडतात. लाकडाचा धंदा असा चालत नाही. सगळं जंगल संपवलं तर दुसऱ्या वर्षी वखारीत काय ठेवणार?

हे एकट्या माझंच रडगाणं नाही. इथून उत्तरेला हायवे १०१ वर, कॅलिफोर्नियातच, मेंडोसिनो काउंटीत लेटनव्हिल नावाचं गाव आहे, लाकूडतोडीवर जगणारं. १९८९ मध्ये तिथल्या काही पालकांनी हे पुस्तक दुसरीच्या सक्तीच्या वाचनातून काढा अशी मागणी केली होती. शाळा मंडळाने ती मानली नाही, पण त्या लोकांचं दुखणं मला कळतं. पुढे लाकडी फरशीवाल्यांच्या संघटनेने ‘ट्रुअॅक्स’ नावाचं उलट बाजू मांडणारं पुस्तकही काढलं. मुलांना दोन्ही बाजू दाखवा, एवढंच म्हणणं आहे.

---

प्रेषक: सनीव्हेल

दादा, तुमच्या मुलाच्या प्रश्नाने मलाही वाईट वाटलं. पण तुमचा राग पुस्तकावर निघतोय आणि गुन्हा सिनेमाचा आहे, असं मला वाटतं.

मी लायब्ररीतल्या गोष्टींच्या तासाला हे पुस्तक कितीतरी वेळा वाचून दाखवलं आहे. १९७१ चं पुस्तक. त्यात झाडं तोडणाऱ्या वन्सलरचं तोंड कुठेच दिसत नाही, फक्त हिरवे हात दिसतात. मुलं दर वेळी विचारतात, तो दिसतो कसा? मी म्हणते, तुम्हीच सांगा. कुणी बाबांसारखा म्हणतं, कुणी शेजाऱ्यांसारखा, एका मुलीने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. चित्रात चेहरा नाही म्हणून तो कुणाचाही असू शकतो. पुस्तकाची सगळी ताकद तिथे आहे.

सिनेमाने काय केलं? वन्सलरला गिटार दिली, देखणा पोरगा केला, चिडखोर नातेवाईक दिले. म्हणजे आपल्याला त्याची दया यावी. आता दोष कुणाच्या तरी माथी मारायला हवा, म्हणून पुस्तकात नसलेला ओहेअर आणला. बुटका, वाईट केशरचनेचा, बाटलीबंद हवा विकणारा. शनिवारी तो पडद्यावर आला की आपली मुलं ओरडत होती, तुम्ही ऐकलंत. खलनायक इतका बावळट असला की बघणाऱ्याला स्वतःबद्दल काहीच विचार करावा लागत नाही. झाडं तोडणं हा एका दुष्ट माणसाचा उद्योग ठरतो, आणि तुमच्या मुलाला आजोबांबद्दल शंका येते.

शेवटही बघा. पुस्तकात वन्सलर शेवटचं बी त्याची गोष्ट ऐकायला आलेल्या मुलाकडे टाकतो आणि गोष्ट थांबते. मुलाने ते पेरलं की नाही, ते कुठेच लिहिलेलं नाही. सिनेमात गावच्या चौकात रोप लागतं, सगळे गातात, लोरॅक्स परत येतो. मुलं नाचत बाहेर पडली, ते मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू. पण पुस्तक वाचल्यावर ती नाचत नाहीत, प्रश्न विचारतात.

अवांतर: वृक्षवल्लीचा अभंग कुणीतरी टाकणारच आहे, तर कृपया पूर्ण टाका. पहिल्या ओळीपुढे कुणालाच येत नाही. (ह. घ्या.)

---

प्रेषक: क्लीव्हलँड, सध्या मुलीकडे सॅन होजेला

नमस्कार. मी आजोबा कोट्यातून आलो होतो, सिनेमा अर्धा झोपेत पाहिला. तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आमच्या गावची आहे.

या पुस्तकाच्या जुन्या प्रतींत एक ओळ होती. मासे तळं सोडून चालले आहेत, आणि लेक ईरीमध्येही (आमच्या गावालगतचं मोठं तळं) तशीच वाईट स्थिती आहे असं ऐकतो, असा तिचा आशय. तेव्हा ते खरंच होतं. १९६९ मध्ये क्लीव्हलँडमधून वाहणाऱ्या कायहोगा नदीला आग लागली होती. नदीवर तेलाचा थर आणि त्याला आग, असं कुणाला सांगितलं तर पटत नाही. ही नदी ईरीलाच मिळते. मग १९७२ चा स्वच्छ पाण्याचा कायदा आला, कॅनडाशी करार झाला, मैलापाणी शुद्ध करायचे प्रकल्प उभे राहिले, धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट कमी झालं. तळं सुधारायला लागलं. तेव्हा ओहायोतल्या सी ग्रँट या तळ्याच्या अभ्यासाच्या कार्यक्रमातल्या दोघांनी लेखकाला लिहिलं की आता परिस्थिती बदलली आहे. आणि डॉ. स्यूस यांनी पुढच्या आवृत्त्यांतून ती ओळ काढली.

मला यात सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की एखाद्या गावाने आपली नाचक्की झालेली ओळ पुस्तकातून काढून घेतली, आणि तीही काम करून. लेटनव्हिलच्या पालकांनी पुस्तकच काढायला सांगितलं होतं, त्यात आणि यात फरक आहे, एवढंच फ्रीमाँटच्या साहेबांना सांगतो.

आता कडू भाग. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरीच्या पश्चिम टोकाला टोलेडो शहरात नळाचं पाणी पिऊ नका असा हुकूम निघाला. ४ लाखांवर लोक, दोन-तीन दिवस. उकळून चालत नव्हतं, उलट उकळल्याने विष अधिकच दाट होतं. शेतातलं खत आणि शेण पावसाबरोबर मॉमी नदीतून तळ्यात येतं, त्यावर निळंहिरवं शेवाळ माजतं, ते विष सोडतं. इथे कुणी कुऱ्हाडवाला नाही, ओहेअर तर नाहीच. मका पिकवणारे शेतकरी आहेत, आणि तो मका आपल्या सगळ्यांच्या पोटात या ना त्या रूपाने जातो. याच्यावर कार्टून काढा म्हणावं.

---

प्रेषक: मिलपिटास

आजोबा, तुम्ही अर्धा सिनेमा झोपेत पाहून एवढं लिहिलंत, आम्ही जागे राहून काय केलं!

माझ्याकडची बातमी अशी की माझ्या मुलाला फक्त गाणारे मासे आणि मार्शमेलो खाणारी अस्वलं आठवतात. पर्यावरण वगैरे काही पोचलं नाही. मुलगी मोठी आहे, तिने मात्र गाडीत विचारलं की थ्नीड (वन्सलर झाडांच्या झुपक्यांपासून विणून विकतो ती वस्तू) विकत कोण घेत होतं, त्यांना कुणी का रागावत नाही? मी विषय बदलला, कारण आम्ही तेव्हा दुकानाच्या पार्किंगमध्येच शिरत होतो.

सिनेमा आला तेव्हाची जाहिरात कुणाला आठवते का? माझदाची सीएक्स-५ गाडी ट्रफुला झाडांमधून (वन्सलर तोडतो तीच) फिरते आणि तिला ट्रफुलाच्या पसंतीचा शिक्का मिळतो. पेट्रोलवर चालणारी एसयूव्ही! एका पॅनकेकच्या साखळी हॉटेलातही लोरॅक्सच्या नावाचा मेनू होता. एकीकडे फॉक्स बिझनेस वाहिनीवर निवेदक लू डॉब्स ओरडत होते की हॉलिवुड मुलांच्या डोक्यात डावे विचार भरतंय, आणि दुसरीकडे तोच लोरॅक्स गाड्या विकत होता. दोघांनाही थ्नीडच हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्या सगळ्यात मला पटलेली प्रतिक्रिया मुलांची होती. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइनच्या चौथीच्या वर्गाने पाहिलं की सिनेमाच्या वेबसाइटवर झाडांबद्दल, पर्यावरणाबद्दल काहीच नाही. त्यांनी ऑनलाइन अर्ज काढला, ५०,००० हून जास्त सह्या झाल्या, आणि सिनेमा काढणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीला साइटवर तो मजकूर घालावा लागला. सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आधीच. त्या मुलांनी पुस्तक वाचलेलं होतं, हे सनीव्हेलच्या ताईंच्या बाजूने धरा.

---

प्रेषक: फ्रीमाँट

ताई, तो ओहेअर पुस्तकात नाही हे मला माहीत नव्हतं. पुस्तक आणून वाचलं. हातांची गोष्ट पटली. तरीही माझा मुद्दा मी सोडत नाही. पुस्तकातला वन्सलरही एक रोप लावत नाही, आणि लाकडाचा धंदा करणाऱ्या कुठल्याही माणसाला ते आधी खटकेल. लोरॅक्स नुसता येऊन ओरडतो, किती तोडा आणि किती ठेवा हे एकदाही सांगत नाही. माझ्या वडिलांना असा लोरॅक्स भेटला असता तर त्यांनी त्याला चहा पाजून आकडा विचारला असता.

आजोबांच्या टोलेडोला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मिलपिटासच्या मुलीचा प्रश्नही बरोबर आहे. गिऱ्हाईक नसतं तर वखार उघडलीच नसती.

समितीला सुचवतो की पुढच्या वेळी सिनेमा नको, ताईंनी पुस्तक वाचावं. मी सागाच्या ओंडक्याची चकती घेऊन येतो, वर्तुळं कशी मोजायची आणि शिक्का कुठे मारतात ते दाखवतो. फक्त दहा वर्षांवरची मुलं पाठवा. लहानांना आवरणं माझ्याच्याने होणार नाही, आणि करवत कुणाच्याही हातात देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.