मंगळवार पेठेतलं आजोळ: पुढून सिमेंट, आत वाडा. याला कुठली शैली म्हणायची?

आजोळकर:
नमस्कार. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आमच्या आजोळचं घर दुरुस्तीला काढलंय. दिंडी दरवाजातून आत गेलं की सोपा म्हणजे पुढची ओसरी, मग माजघर, मग छोटा चौक आणि परसू. सोप्यातले सागवानी खांब तळखड्यांवर, म्हणजे दगडी बैठकींवर उभे आहेत, वर कडीपाटाचं लाकडी छत. एका खांबाला पाळण्याच्या दोरीनं पडलेला गुळगुळीत खळगा अजून बोटाला लागतो.

पण रस्त्यावरून बघितलं तर वेगळंच घर. माडीवर गोल कोपऱ्याची सिमेंटची गॅलरी, तिच्या कडेनं तीन आडव्या रेघा आणि कठड्यावर अर्धा उगवता सूर्य. खिडक्यांवर महिरपी.

कंत्राटदार म्हणतो, "ब्रिटिश बांधकाम आहे, पुढचं सगळं पाडून नवीन एलिव्हेशन करू." मामा म्हणतात, संस्थानकालीन आहे. मला पाडायच्या आधी कळायला हवंय. फोटो जोडलेत.

रंकाळ्याची सांज:
महिरपी आहेत म्हणजे नव्या राजवाड्याची शैली. इंडो-सारासेनिक म्हणतात तिला, भारतीय, इस्लामी आणि युरोपीय घडणीची सरमिसळ.

तळखडा:
तसं नाही म्हणता येणार. नवा राजवाडा मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर १८७७ ते १८८४ मध्ये काळ्या दगडात उभा राहिला. आपला टाऊन हॉलही त्यांचाच. तिथं घुमट, मनोरा, देवळासारखे खांब, कोरीव दगड असं सगळं एकत्र आणलंय. नुसत्या महिरपीवरून ते ठरत नाही, महिरपी पेशवाई वाड्यांतही होत्याच.

ताई, मी तीस वर्षं जुनी घरं दुरुस्त केली. आपल्याकडे जुनं दिसलं की लोक "ब्रिटिशकालीन" म्हणून मोकळे होतात आणि मग पाडायलाही मोकळे होतात. तुमची दोन घरं आहेत, एकाला एक चिकटलेली. आतलं लाकडी सांगाड्याचं वाडा पद्धतीचं: भार खांब-तुळया पेलतात, भिंत नुसती मधली जागा भरते. पुढचं तोंड आर्ट डेको नावाच्या शैलीचं. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारती, १९३३ चं रीगल थिएटर, १९३८ चं इरॉस थिएटर, त्याच काळातली ही चाल. गोल कोपरा, आडव्या रेघा, उगवता सूर्य, सगळं तिकडचं. पेठेतल्या गवंड्यानं सिमेंट हाताशी आल्यावर ते आपल्या मापात बसवलं. मला ते फार मोलाचं वाटतं.

खात्री करायची तर सांधा शोधा. सोप्याची सगळ्यात पुढची तुळई जिथं पुढच्या भिंतीला भिडते तिथं बघा. जुना लाकडी कठडा बसत होता त्याच्या खाचा सापडल्या तर पुढचं तोंड मागाहून चढवलंय हे कळेल. गॅलरीखाली लोखंडी गर्डर असेल तर त्यावरची अक्षरंही वाचा. गर्डरचं नाव कारखान्याचं असतं, घराचं साल त्यावरून ठरवू नका. पण कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ ला. एवढं जड लोखंड पेठेत यायचं ते त्यानंतरच, असं मी धरतो.

आजोळकर:
काका, आजच गेले होते. जिन्याखालच्या अंधारात मोबाइलचा उजेड टाकला. तुळईच्या अंगाला ओळीनं पाच चौकोनी खाचा आहेत, आत काळी धूळ बसलेली! गर्डरही आहे, रंगाचे थर खरवडल्यावर "डॉर्मन लाँग" आणि "इंग्लंड" वाचता आलं. कंत्राटदाराचं "ब्रिटिश" बहुतेक तिथूनच आलं. मामांना खाचा दाखवल्या, ते बराच वेळ हात लावून उभे होते.

तळखडा:
मग झालं की! साल हवं असेल तर सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डचा) जुना उतारा काढा, नोंदी कुणाच्या काळात बदलल्या ते कळेल.

आणि एक कळकळीनं सांगतो. आतल्या मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा लावू देऊ नका. ओल आत कोंडते आणि भिंतीत शिरलेल्या खांबांचे बुडखे कुजतात. चुन्याचाच लावा. पुढच्या गॅलरीत सळ्या गंजून सिमेंट फुगलं असेल तर तेवढाच भाग फोडून, गंज घासून पुन्हा भरता येतो. सूर्याला हात लावायच्या आधी त्याचा कागदावर छाप घेऊन ठेवा, रेघांच्या जाडीसकट.

आजोळकर:
छाप रविवारी घेते. मामी म्हणाल्या, शाळेचे तक्ते करायचा जाड कागद आहे घरात.