मोबाईलवरचा पहिला गेम बनवायला कुठलं टूल घेऊ? कोडिंग जवळपास शून्य

पहिलाडाव:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात आहे की मोबाईलसाठी एक छोटासा गेम स्वतः बनवायचा. कल्पना साधी आहे, तळ्यातल्या एका पानावरून दुसऱ्या पानावर बेडूक उड्या मारतो, स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की उडीचा जोर भरत जातो, सोडलं की उडी, पान चुकलं की पाण्यात. बास एवढंच. कोडिंग म्हणाल तर थोडं पायथन केलं होतं कधीतरी, आता इफ आणि लूप सोडून काही आठवत नाही. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम. एक मोठं इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं, तर नुसता प्रोजेक्ट उघडायला इतका वेळ लागायचा की आपण काय करायला बसलो होतो तेच मी विसरायचे, आणि व्हिडिओत दाखवतात ती बटणं माझ्या व्हर्जनमध्ये त्या जागी नव्हतीच. दोन आठवडे गेले, हातात काही नाही. आता युनिटी, गोडो, जीडेव्हलप, कन्स्ट्रक्ट, गेममेकर ही नावं वाचूनच डोकं गरगरतंय. पैसे कमवायचे नाहीयेत, मला फक्त माझा बेडूक माझ्या फोनवर उडी मारताना बघायचाय. कुठून सुरू करू?

रात्रपाळी:
तुमचं शेवटचं वाक्य हेच माप धरा. पहिल्या आठवड्यात फोनच्या स्क्रीनवर काहीतरी हललं पाहिजे, ज्या टूलमध्ये ते जमेल ते घ्या, बाकीच्या तुलना नंतर.

त्या हिशेबाने मी जीडेव्हलप सांगेन. फुकट, ओपन सोर्स, ब्राउझरमध्येसुद्धा चालतं त्यामुळे जुन्या लॅपटॉपला फार त्रास नाही. कोड लिहायचा नसतो, इव्हेंट मांडायचे, डाव्या बाजूला अट, उजव्या बाजूला कृती. तुमच्याच बेडकाचं बघा: अट, बोट स्क्रीनवर टेकलंय आणि बेडूक पानावर आहे, कृती, 'जोर' नावाच्या व्हेरिएबलमध्ये (म्हणजे आकडा साठवायची जागा) भर घाला. पुढचा इव्हेंट, बोट उचललं. कृती, जेवढा जोर साठलाय तेवढा वेग बेडकाला द्या आणि जोर परत शून्य करा. झाली उडी. लोक याला नो-कोड म्हणतात पण डोकं प्रोग्रामिंगचंच लागतं, व्हेरिएबल तेच, अटी त्याच, फक्त स्वल्पविराम चुकला म्हणून सगळं बंद पडत नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो कारण माझा पहिला गेम यातच फसला होता. जोर भरताना दर फ्रेमला (म्हणजे स्क्रीनवरचं चित्र नव्याने काढलं जातं त्या प्रत्येक वेळी) ठरावीक आकडा मिळवू नका, तो टाइमडेल्टाने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने, गुणा. फोन सेकंदाला ६० फ्रेमवर चालणारा असेल आणि दुसऱ्याचा १२० वर, तर त्या दुसऱ्याच्या फोनवर जोर दुप्पट वेगाने भरेल आणि बेडूक तळ्याबाहेर जाईल. आपल्या फोनवर सगळं बरोबर दिसत असतं म्हणून हे लवकर लक्षातच येत नाही.

आणि डेस्कटॉपवालं ॲप घेतलंत तर एकाच वायफायवर असलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये प्रिव्ह्यू दिसतो, एपीके (अँड्रॉइडवर इन्स्टॉल करायची फाईल) बनवायची वाट बघावी लागत नाही. हे फार मोठं सुख आहे.

कन्स्ट्रक्ट ३ पण याच पद्धतीचं आणि चांगलं आहे, पण फुकटात किती इव्हेंट वापरता येतात त्याला मर्यादा आहे, पुढे वर्गणी.

कोडकीडा:
वरच्याशी बऱ्यापैकी सहमत, पण पायथनमधलं इफ आणि लूप आठवतंय ना, मग गोडो एकदा बघच. त्याची भाषा जीडीस्क्रिप्ट दिसायला पायथनसारखीच आहे, तसंच इंडेंटेशन. इन्स्टॉल काही करायचं नाही, झिप उघडली की एक फाईल, ती चालवायची. एमआयटी लायसन्स, त्यामुळे उद्या गेम विकलास तरी कोणाला काही द्यायचं नाही. नवा प्रोजेक्ट करताना रेंडरर (चित्र काढायची पद्धत) विचारतो तिथे कम्पॅटिबिलिटी निवड, साध्या टूडी गेमला तेच पुरतं आणि जुन्या फोनवरही चालतं.

व्हिडिओतली बटणं सापडत नाहीत म्हणालीस ना, ते इथेही होईल, आधीच सांगतो. गोडोचं ४ नंबरचं व्हर्जन मार्च २०२३ मध्ये आलं आणि त्यात बरीच नावं बदलली. जुन्या व्हिडिओत कायनेमॅटिकबॉडी२डी दिसलं की समज तो व्हिडिओ गोडो ३ चा आहे, ४ मध्ये तेच कॅरेक्टरबॉडी२डी झालंय, आणि यील्डच्या जागी अवेट. नवखा माणूस इथे दोन-दोन दिवस अडकतो आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये, खरं तर चूक त्याची नसतेच. व्हिडिओ सुरू करायच्या आधी व्हर्जन बघायची सवय लाव, टूल कुठलंही असो.

अवघड भाग म्हणजे अँड्रॉइडची पहिली सेटिंग. जेडीके १७ टाका, अँड्रॉइड एसडीके टाका (ही दोन्ही अँड्रॉइड ॲप बनवायला लागणारी सॉफ्टवेअर), गोडोचे एक्स्पोर्ट टेम्प्लेट उतरवा, जेडीके आणि एसडीके कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते पाथ द्या. एक अख्खी संध्याकाळ जाते, पण एकदाच. नंतर फोन केबलने जोडून यूएसबी डीबगिंग चालू केलं की वरच्या कोपऱ्यातलं एक बटण दाबायचं आणि गेम फोनवर. आणि सी शार्प या दुसऱ्या भाषेच्या वाटेला आत्ता जाऊ नकोस, गोडो ४ मध्ये मोबाईलसाठी तो सपोर्ट अजून प्रयोगाच्या पातळीवरच धरतात.

पहिलाडाव:
दोघांचेही खूप आभार, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. दोन शंका. युनिटी शिकलं नाही तर पुढे नुकसान होईल का? सगळीकडे तेच नाव ऐकते. आणि मैत्रिणीकडे आयफोन आहे, तिला गेम कसा देऊ?

तिसरामजला:
मी रोज युनिटीतच काम करतो, तरी तुम्हाला आत्ता घ्या म्हणणार नाही. ४ जीबीवर ते रडवेल. नोकरीच्या दृष्टीने त्याचं महत्त्व आहे हे खरंय, मोबाईल गेम बनवणाऱ्या टीममध्ये ते सर्रास दिसतं, जाहिरातींचे वगैरे एसडीके त्यात तयार मिळतात, पण तो प्रश्न दोन गेम पूर्ण झाल्यावरचा. सीन, कोलिजन (वस्तू एकमेकींना टेकणं), स्प्राइट (गेममधलं चित्र), ॲनिमेशन हे एका ठिकाणी कळलं की दुसरीकडे आठवड्याभरात हात बसतो.

फीबद्दल वाचलं असेल तर तेवढं स्पष्ट करतो. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं, खूप गदारोळ झाला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती फी रद्द केली. ती भीती आता धरू नका, पण आपण ज्यावर महिनोन् महिने काम करणार त्याचं लायसन्स वाचावं हे मात्र त्यातून मी तरी शिकलो. गेममेकरचंही तसंच बघून घ्या, २०२३ पासून ते विक्री न करणाऱ्यांना फुकट आहे, विकायचा झाला की एकदाच पैसे भरून लायसन्स घ्यायचं.

आयफोनचं म्हणाल तर तिथे ॲप म्हणून द्यायला सहसा मॅक आणि एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) लागतं, स्टोअरवर टाकायला ॲपलची वर्षाला ९९ डॉलर फी वेगळी. एका मैत्रिणीसाठी एवढं कशाला. वेब बिल्ड (ब्राउझरमध्ये चालणारा गेम) काढा, इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या साइटवर टाका आणि लिंक पाठवा, ती सफारीत उघडेल. फक्त एक, ब्राउझर पहिला टॅप होईपर्यंत आवाज वाजू देत नाहीत, तेव्हा सुरुवातीला 'खेळा' असं एक बटण ठेवा.

रात्रपाळी:
वेब बिल्डचं अगदी बरोबर. प्ले स्टोअरची घाई तर मुळीच करू नका. २५ डॉलर एकदाच भरायचे असतात ते ठीक, पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर आधी क्लोज्ड टेस्टिंग (निवडक लोकांकडून चाचणी) करावं लागतं, निदान १२ जण सलग १४ दिवस त्यात राहायला हवेत, मग कुठे पुढची परवानगी मागता येते. बारा माणसं गोळा करणं वाटतं तेवढं सोपं नाही, मध्येच दोघं-तिघं बाहेर पडतात.

पहिलाडाव:
नऊ दिवसांनी परत येतेय. बेडूक उडतोय!!! जीडेव्हलपच घेतलं. गोडोही उघडून बघितलं, छान वाटलं पण एसडीकेच्या पाथपाशी अडकले, ते पुढच्या गेमला नक्की. चित्रं केनीच्या साइटवरची फुकट मिळणारी घेतली, सीसी झिरो आहेत, म्हणजे कोणीही कशालाही वापरावीत, त्यामुळे बिनधास्त. टाइमडेल्टाचं सांगितलंत ते फार बरं झालं, मैत्रिणीच्या फोनवर आणि माझ्या फोनवर उडी अगदी सारखी येतेय.

आता एक अडचण. मी बेडूक खाली मधोमध ठेवलाय आणि नेमका तिथेच खेळणाऱ्याचा अंगठा येतो, म्हणजे जोर भरताना बेडूक दिसतच नाही. लॅपटॉपवर माऊसने खेळताना हे कधी जाणवलंच नाही. बेडकावर टॅप न करता कुठेही टॅप केलं तरी चालेल असं केलंय, तरी लोक बेडकावरच बोट ठेवतात.

कोडकीडा:
अरे वा, मस्त! लोक बोट तिथेच ठेवणार, डोळा जिथे असतो तिथे हात जातो. कॅमेराच असा लाव की बेडूक स्क्रीनच्या मध्याच्या जरा वर राहील आणि खालचा तिसरा भाग नुसतं पाणी. मग त्या पाण्यात पहिल्या दोन उड्यांपुरतं एक फिकट गोल वर्तुळ दाखव, अंगठा आपोआप तिथे जाईल. आणि जोराची पट्टी बेडकाच्या डोक्यावर काढ, पायाशी नको. स्कोअर अगदी वरच्या कडेला चिकटवू नकोस, काही फोनच्या कॅमेऱ्याच्या खाचेखाली तो झाकला जातो.

झालं की लिंक इथे टाक, मला खेळायचाय.