मदत हवी आहे : शेजाऱ्यांनी मांगरात बांधून ठेवलेलं माकड (सावंतवाडी तालुका)

मंडळी, थोडं लांबलचक होईल, पण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी पुण्यात असतो, आंब्या-काजूसाठी मे महिन्यात गावी आलोय. आमच्या बागेला लागून शेजारच्या आबांचा मांगर, म्हणजे बागेतली झोपडी, आहे. पाच वर्षांपूर्वी विजेच्या तारेला चिकटून एक केलडी (माकडीण) मेली आणि तिच्या पोटाला पिल्लू जिवंत सापडलं. आबांनी ते घरी आणून बाटलीने दूध पाजून वाढवलं. लाल तोंडाचं माकड, वानर नव्हे. नाव बंड्या. पहिली दोन-तीन वर्षं अख्ख्या वाडीचा लाडका होता. मीही सुट्टीत आलो की चहात बुडवलेली बिस्किटं भरवायचो, फोटो काढायचो. हे आधीच कबूल करतो.

मग त्याला सुळे आले. गेल्या वर्षी आबांच्या नातवाला हाताला चावला, आणि त्या दिवसापासून कमरेला साखळी बांधून रवानगी मांगरात. फेब्रुवारीत मुलगा आबांना मुंबईला घेऊन गेला. बंड्या राहिला तिथेच. राखणीचा नेपाळी गडी उरलेला भात टाकायचा, आता तोही हंगाम संपवून घरी गेला.

परवा जाऊन बघितलं. कमरेभोवती केस जाऊन गोल पट्टा पडलाय, एका जागी कातडी फाटून माश्या बसतात. कोपऱ्यात बसून नुसता पुढे-मागे डोलत असतो. केळं दिलं की दोन्ही गालांत कोंबतो, पाठ फिरवतो आणि मग मनगटाने गाल दाबून दाबून बाहेर काढून खातो. खाऊन झालं की माझा हात ओढून दंडावरचे केस विंचरत बसतो, ओठांची चपचप चालू. चावला नाहीये. अजून तरी.

आठ-दहा दिवसांत पाऊस लागेल आणि मांगराचं छप्पर अर्धं उडालेलं आहे. मला ४ तारखेला पुण्याला परतायचंय. एका प्राणिमित्र संस्थेला फोन केला, ते म्हणाले आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. वनखात्याला कळवलं तर आबा अडचणीत येतील का? आणि साखळी काढून त्याला रानात सोडता येईल का? मांगराच्या मागून रोज केलड्यांचा कळप जातो.

रानभूल : एवढा काथ्याकूट कशाला? साखळी कापा, तिलारीच्या बाजूला नेऊन सोडा. जनावर आहे, निसर्ग बघून घेतो.

गुरांचा_डॉक्टर : हात जोडतो, तेवढं करू नका. मी पशुवैद्यक आहे. माणसांनी वाढवून मग 'मुक्त' केलेली माकडं फाटलेल्या अवस्थेत परत आलेली पाहिली आहेत.

लाल तोंडाच्या माकडांत माद्या जन्माच्या कळपात राहतात, नर मोठे झाले की दुसऱ्या कळपात शिरतात. म्हणजे बंड्याचं वय कळप शोधायचंच आहे, पण शिरण्याचे रीतिरिवाज असतात. डोळ्याला डोळा कधी भिडवायचा नाही, दात विचकून शरण कसं जायचं, कुणाच्या उवा आधी काढायच्या. हे पिल्लू आईच्या पोटाशी आणि खेळगड्यांत शिकतं, ते याला कुणी शिकवलेलंच नाही. तो थेट कळपात जाईल आणि मार खाईल, नाहीतर पहिल्या दिसेल त्या घरात बिस्किटं मागायला शिरेल. तिथे त्याचं स्वागत काठीने होईल. शिवाय माणसांचा क्षय माकडांना होतो. तपासणीशिवाय रानातल्या कळपात सोडणं म्हणजे त्यांच्याशीही खेळ.

रीतसर पद्धत अशी : जखमेवर उपचार, क्षयाची तपासणी, काही आठवडे वेगळं ठेवणं, मग जाळीतून दुसऱ्या सोडवलेल्या माकडांशी ओळख, त्यांचा गट जमला तर गटानेच रानात. नाहीच जमलं तर कायम मोठ्या पिंजऱ्यात, पण जातभाईंसोबत. यात महिने जातात. नागपूरला सेमिनरी हिल्स, पुण्याला बावधन इथे वन्यजीवांची ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे तात्पुरती उपचार केंद्रं, आहेत, पण तिकडे पाठवायचं ते वनखात्यानेच. तुम्ही गाडीत घालून नेलंत तर तुम्हीच अडकाल. हेल्पलाइन १९२६.

बांद्याची_ताई : अंगार गोचडी आसत काय ता पयला बघा! आमच्या बांदा-दोडामार्ग पट्ट्यात २०१६ पासून माकडताप आहे. डिसेंबर ते मे हाच त्याचा काळ, आणि तो माकड चावून नाही, गोचिडी चावून होतो. मांगराच्या आजूबाजूला मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. आणि ते दंडावरचे केस विंचरून घेणं आजपासून बंद. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

धागाकर्ता : ताई, गोचिडी दिसल्या नाहीत, पण पाठीवर नीट बघू दिलं नाही त्याने. आज तीन हात लांबूनच पाणी ठेवलं. तो हात पुढे करून बसला होता. असो.

डॉक्टर, कायद्याचं काय? आबांनी वाईट हेतूने नव्हतं ठेवलं हो.

गुरांचा_डॉक्टर : हेतूचं माहीत आहे, अशा दहातली नऊ माकडं मायेपोटीच साखळीला पोचतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३९ आहे : असा प्राणी सरकारी मालमत्ता, आणि ताबा मिळाल्यापासून ४८ तासांत कळवायचं. ती वेळ पाच वर्षांपूर्वीच गेली. म्हणून म्हणतो, आधी आबांना फोन करा. दुसऱ्याने सांगण्यापेक्षा त्यांनी स्वतः कळवलेलं केव्हाही बरं. आणि कुणाला ओरबाडलं, चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच ग्रामीण रुग्णालय. 'घरचंच माकड आहे' म्हणून रेबीजची लस टाळू नका.

रानभूल : माझा सल्ला मागे घेतो. गटानेच सोडतात हे माहीत नव्हतं.

धागाकर्ता : अपडेट. आबांशी बोललो. आधी चिडले, 'तुका काय पडलाहा' म्हणाले. तासाभराने त्यांचाच फोन आला, त्यांनी १९२६ ला लावला होता. पहिला प्रश्न, 'तो दुधाची बाटली मागता काय रे?'

आज दुपारी वनरक्षक आणि वनपाल येऊन बघून गेले. पंचनामा झाला, आबांचा जबाब फोनवर घेतला, पुढचं साहेब ठरवतील. उद्या सकाळी पशुवैद्यक येऊन भूल देणार, साखळी कातडीत रुतली आहे म्हणून. रात्रीपासून खायला काही द्यायचं नाही, भुलीत उलटी घशात जाते म्हणाले. केळ्यांचा घड माजघरात नेऊन ठेवलाय. मांगरातून आवाज येतोय त्याचा, माझी चाहूल ओळखतो. उद्या लिहितो.