लुआचं सी मॉड्यूल ५.४ वर चालतं, ५.३ वर अनडिफाइन्ड सिम्बॉल… काय करू?

ऐरोलीकर_०७: मंडळी, महापेला जॉबला आहे, आमच्या सी प्रोग्रॅमच्या पोटात लुआ ५.३ (छोटी स्क्रिप्टिंग भाषा) बसवलंय आणि मीटर रीडिंगसाठी मला त्याला सी मॉड्यूल (सीमध्ये लिहिलेली जोड-लायब्ररी) जोडायचंय. लॅपटॉपवर उबुंटू, ५.३ आणि ५.४ दोन्ही आहेत. टर्मिनलवर नुसतं लुआ (५.४ च उघडतं) उघडून रिक्वायर केलं, म्हणजे मॉड्यूल लोड केलं, की मस्त चालतं, पण आमच्या प्रोग्रॅममधून केलं की 'अनडिफाइन्ड सिम्बॉल लुआ_न्यूयूजरडेटायूव्ही'. आता हे फंक्शन मी वापरलेलंच नाही, ग्रेप मारून (सोर्समध्ये नाव शोधून) बघितलं, माझ्याकडे साधं लुआ_न्यूयूजरडेटा आहे. एकाने सांगितलं लिंक करताना ५.४ ची लायब्ररी दे, दिली, तर आता 'व्हर्जन मिसमॅच'. शुक्रवारी डेमो आहे हो.

कोपरी_पूल: अरे तुझी मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) ५.४ चं हेडर, म्हणजे लुआच्या फंक्शनांची नावं सांगणारी फाइल, उचलतेय. ५.४ मध्ये (२०२० ला आलं ते) एका यूजरडेटाला (लुआत ठेवलेला सीचा डेटा) अनेक यूजर व्हॅल्यू लावायची सोय झाली, त्यासाठी यूव्हीवालं फंक्शन आलं आणि तुझं जुनं नाव नुसतं मॅक्रो म्हणून उरलं. म्हणजे प्रीप्रोसेसरने तुझ्या नकळत नाव बदललं, सोर्समध्ये ग्रेपला काय सापडणार! ५.३ कडे ते फंक्शनच नाही. आणि ती लायब्ररी आधी काढ बाबा. लिनक्सवर मॉड्यूलला लुआ लिंक करायचंच नसतं, ती फंक्शनं होस्ट प्रोग्रॅम (म्हणजे लुआ पोटात असलेला तुमचा प्रोग्रॅम) पुरवतो. तू लिंक केल्यावर हरवलेलं नाव तेवढं सापडलं, मग न्यूलिब (मॉड्यूलची फंक्शनं लुआला देणारा) मॅक्रोमधली व्हर्जनची तपासणी आडवी आली. बरंच झालं आली, नाहीतर डेमोत क्रॅश.

खारघर_हिल्स: + १. मेकफाइलमध्ये पाथ हाताने लिहू नकोस, पीकेजी-कॉन्फिगला (लायब्ररीचे पाथ सांगणारं टूल) लुआ ५.३ चे सीफ्लॅग्ज, म्हणजे कंपाइलरला द्यायचे पर्याय, विचार. मग मेक क्लीन (जुनं बिल्ड पुसून टाक), कारण हेडर बदललं तरी मेक जुन्या ऑब्जेक्ट फाइल तशाच वापरतं, डिपेन्डन्सी लिहिली नसेल तर. अजून एक, सीपाथमध्ये (लुआ सी मॉड्यूल शोधतं त्या जागांची यादी) व्हर्जनचे फोल्डर वेगळे असतात पण शेवटी चालू फोल्डरही असतो, तिथे ५.४ ची डॉट एसओ (कंपाइल झालेलं मॉड्यूल) पडलेली असेल तर ५.३ तीच उचलणार.

ऐरोलीकर_०७: चाललं!! चालू फोल्डरमध्ये जुनी एसओ होतीच. पण पुढे ५.४ वर जायचंय, एकच फाइल दोन्हीकडे चालेल का?

कोपरी_पूल: सोर्स एक ठेव, गरज पडेल तिथे लुआ_व्हर्जन_नम बघून इफ टाक, बिल्ड मात्र दोन वेगळे. एकच बायनरी दोन्हीकडे चालवायच्या भानगडीत पडू नकोस. आणि शंका आली की एसओवर एनएम डॅश डी (सिम्बॉलची यादी दाखवणारी कमांड) मार. यू लिहिलेल्या (म्हणजे बाहेरून हव्या असलेल्या) लुआच्या नावांपैकी एखाददुसरंच होस्टकडे नसेल तर व्हर्जनचा घोळ, एकही नसेल तर होस्टने सिम्बॉल एक्सपोर्टच केलेले नाहीत, तो विषय वेगळा, त्याचा नवीन धागा काढ.